कुत्र्याच्या पिल्लाचा दात नुसता लागलाय, इंजेक्शन घ्यावंच लागतं का?

हो, घ्यावंच लागतं. "पिल्लूच तर आहे, जरासं खरचटलंय" म्हणत हळद नाहीतर तिखट चोपडून मोकळं होण्यातच सगळा घोळ आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ती दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. तोवर घरचे चावा विसरूनही गेलेले असतात! आत्ता उठा, नळाखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवा. पट्टी नको. मग सरकारी दवाखाना गाठा, तिथे लस फुकट असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजच्या विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली, आता दंडात देतात. फक्त पुढच्या तारखा चुकवू नका.