तीस तासांत केळी किती शिकवावी?

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी केळी या विषयावर 2 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) खुला ऐच्छिक अभ्यासक्रम आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वनस्पतीची रचना, वाण, लागवड, रोग, प्रक्रिया आणि विक्री हे सर्वच घटक सहकाऱ्यांना हवे आहेत. ते कसे बसवावेत?
— एक प्राध्यापिका, रावेर तालुका

उत्तर : ते सर्व बसणार नाहीत आणि बसवूही नयेत. एका श्रेयांकासाठी अध्यापनाचे 15 तास धरले जातात, म्हणजे आपल्या हाती एकूण 30 तास आहेत. त्यांतून अंतर्गत चाचण्या आणि सणावाराला बुडणारे तास वजा केले, तर सहा घटकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला केवळ व्याख्या लिहून देण्यापुरता वेळ उरेल.

म्हणून घटकांच्या यादीपासून सुरुवात न करता, सत्राअखेर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे प्रथम ठरवावे. उदाहरणार्थ, एका बागेचा लागवडीपासून विक्रीपर्यंतचा खर्च मांडून बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातील भावाशी त्याचा मेळ घालणे, किंवा हरण्या या केळीवरील विषाणुजन्य रोगाची लक्षणे ओळखून तो मावा किडीमार्फत कसा पसरतो आणि बांधावरच्या काकडीवर्गीय वेलींचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे शेतकऱ्याला समजावून सांगणे. अशी दोनच फलिते घ्यावीत, त्यांचे मूल्यमापन कसे होईल ते लिहून काढावे आणि त्यासाठी लागेल तेवढाच आशय ठेवावा. खोडाची अंतर्रचना यात येत नाही. ती वगळताना आपल्याला वाईट वाटेल, परंतु ती मुख्य विषयाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातेच. माझ्या मते अभ्यासक्रम आखण्यातला खरा कठीण भाग हाच आहे, कारण प्रत्येक सहकारी आपल्या आवडीच्या घटकाची बाजू मांडत असतो.

हा अभ्यासक्रम विषम सत्रात, म्हणजे पावसाळ्यात सुरू होणाऱ्या सत्रात, ठेवावा. मृगबागेतली, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास लावलेल्या केळीची, नवी रोपे आणि त्यांवरचा हरण्या पावसाळ्यातच पाहायला मिळतो, शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदेबागेची, म्हणजे केळीच्या दुसऱ्या हंगामाची, लागवडही त्याच सत्रात येते. आपल्या आराखड्यात मुभा असल्यास एक श्रेयांक प्रात्यक्षिकाचा करावा. प्रात्यक्षिकासाठी श्रेयांकामागे 30 तास मिळत असल्यामुळे बागेच्या भेटी वेळापत्रकात रीतसर बसतात.

मंजुरीसाठी मसुदा आधी अभ्यास मंडळापुढे व नंतर विद्या परिषदेपुढे जाईल. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्रातील एक प्रतिनिधी आणि एक माजी विद्यार्थी असतो. या जागा बहुधा नावापुरत्या भरल्या जातात. आपल्या मंडळावर केळीचा व्यापार जाणणारे कोणी नसेल, तर सभेपूर्वी एखाद्या केळी पॅकिंग केंद्राच्या चालकाला मसुदा वाचायला द्यावा आणि खर्चाच्या तक्त्यात कोणती बाब सुटली आहे, एवढेच त्याला विचारावे.