वजन उतरले, पण पायांत बळ नाही

प्रश्न : माझ्या पत्नीची 5 महिन्यांपूर्वी जठराचा आकार लहान करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन 24 किलोंनी उतरले, मधुमेहही पहिल्याच आठवड्यात आटोक्यात आला. मात्र हल्ली तिला जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही. स्नायूही झिजतात का? आम्ही शाकाहारी आहोत. – एक वाचक, सातारा

उत्तर : होय, झिजतात. घटलेल्या वजनापैकी साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, चरबीचा नसतो. त्यात पाणी आणि इतर अवयवांचा भाग असला तरी स्नायूही असतात, आणि ही घट मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होते.

साखर लवकर सुधारली म्हणजे स्नायूही सुधारले, असे मात्र समजू नये. लठ्ठपणात स्नायूंच्या तंतूंमध्ये चरबी साठते आणि तिच्यापासून बनणारे सेरामाइडसारखे घटक इन्सुलिनचा संदेश पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे साखर आत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर पुरेशा संख्येने येत नाहीत. उपाशीपोटी चरबी आणि जेवणानंतर साखर जाळण्याची स्नायूंची लवचिकताही मंदावते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातील सुधारणेचे श्रेय प्रामुख्याने घटलेल्या आहाराला, यकृताला आणि आतड्यांतील संप्रेरकांना जाते. स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद वजन उतरेल तसा, काही महिन्यांत सुधारतो. शस्त्रक्रियेनंतर नियमित व्यायाम केलेल्यांमध्ये तो अधिक सुधारल्याचे चाचण्यांत दिसले आहे, जरी वजनात फारसा फरक पडला नव्हता.

म्हणून नुसत्या चालण्यावर समाधान मानू नका. शल्यचिकित्सकांच्या संमतीने आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम सुरू करावेत. खुर्चीवरून उठबस करण्यापासून आरंभ पुरेसा आहे. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात (आपल्याकडे वरणावर फार भिस्त ठेवली जाते). दही, पनीर, सोयाबीन आणि गरज पडल्यास प्रथिनांची पावडर घ्यावी, मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच.

तरीही उठता न येणे हे केवळ स्नायू घटल्याचे लक्षण मानून थांबू नये. ब-12 व ड जीवनसत्त्वे आणि लोह यांची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी. वारंवार उलट्या, पायांना मुंग्या किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल, तर ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.