परंपरावादी पक्षात राहून व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेता येते का, की बाहेर पडणंच बरं?

येते. ‘बाहेर पडा’ असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा एकही तालुका बैठक शेवटपर्यंत बसून काढलेली नसते.

मी देवगड तालुक्यातली. बरीच वर्षं आमच्या पक्षाच्या महिला आघाडीचं काम केलं. पक्षाचं नाव लिहीत नाही. देव, देश, घर, रीतभात ही भाषा बोलणारा पक्ष, एवढं पुरे. त्या भाषेची मला लाज नाही. कुणकेश्वरची यात्रा मी चुकवत नाही आणि सूनबाईंनी सणाला नऊवारी नेसली तर मला आवडतं. हे आधीच सांगते, नाहीतर खाली कुणीतरी मला पुरोगामी ठरवून मोकळं होईल.

तर एके दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावरच्या नोटिशीचा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती तिथे लावतात. नावं, वयं, पत्ते सगळं उघडं. मुलगी आमच्या तालुक्यातली, चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. मुलगा दुसऱ्या धर्माचा. फोटोखाली एवढंच : ‘घरी कोण जातंय?’ थोड्या वेळाने तात्यांचा फोन. तात्या आमचे ज्येष्ठ. म्हणाले, बायकांनी गेलेलं बरं दिसतं, तुम्ही दोघीतिघी जा आणि आईला गाठा.

मी गेले नाही. बैठकीत विषय काढला. म्हटलं, हरकत कुणालाही घेता येते, पण कायद्यात त्याची कारणं ठरलेली आहेत. आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर नसणं, निषिद्ध नातं. आईबापांना पसंत नाही, गावाला पसंत नाही, तालुका कमिटीला पसंत नाही, यातलं काहीच त्यात बसत नाही. मग आपण त्या घरी कोणत्या अधिकाराने जायचं?

त्याआधी काही महिन्यांपूर्वी तात्यांच्या बागेत मोजणीवाले आले होते. तात्या गडग्यावर उभे राहून ओरडले, ‘माज्या बागेत माका इचारल्याशिवाय पाय ठेवायचो नाय!’ आम्ही सगळे तिथे होतो, टाळ्याही वाजवल्या. मनापासून. म्हणून बैठकीत मी विचारलं, ‘तात्यानू, तुमच्या बागेत सरकारान पाय ठेवायचो नाय, आणि त्या चेडवाच्या संसारात आपण अख्खी कमिटी घेवन घुसाचा?’

कुणी बोलेना. खरं तर कायद्याने तिची बाजू तात्यांच्या बागेपेक्षा भक्कम आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला. सज्ञान माणसाने जोडीदार निवडणं मात्र सर्वोच्च न्यायालय मूलभूत हक्कात धरतं, २०१८ मध्ये ते पुन्हा स्पष्ट सांगितलंय. हे मी तिथे बोलले नाही, तात्यांचा रक्तदाब आधीच चढला होता.

तात्या एवढंच म्हणाले, ‘वैनी, पक्षात रवाचा आसात तर गप रवाक शिका.’ हेच तात्या दर २५ जूनला आणीबाणीवर तासभर बोलतात. आमचे तेव्हाचे खासदार मधू दंडवते समाजवादी, तरी ते बंगळूरच्या तुरुंगात होते हे तात्या अभिमानाने सांगतात. विरोधी पक्षाच्या माणसाचं स्वातंत्र्य यांना कळतं, शेजारच्या मुलीचं कळत नाही.

ग्रुपवरचा फोटो एका तरुण कार्यकर्त्याने स्वतःहून काढून टाकला. घरी कुणी गेलं नाही. लग्न झालं. पुढच्या निवडणुकीत आमचा पंचायत समितीचा गण महिलांसाठी राखीव झाला, उमेदवारी मला मिळेल असं सगळे धरून चालले होते, ती तात्यांच्या पुतण्याच्या बायकोला गेली. मला कारणे दाखवा नोटीस मात्र कधीच आली नाही. ती काढायची तर कारण कागदावर लिहावं लागलं असतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. बाहेर पडलात की तुम्ही विरोधक, आणि विरोधकाचं कुणी ऐकत नाही. आत राहा, बैठकीत बोला, वर्तमानपत्रात नको. पक्षाच्याच शब्दांत बोला : घर, मालकी, सरकारची लुडबुड. परंपरावादी पक्ष यावरून फुटतातच असं नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली समलिंगी विवाहाच्या विधेयकावर हुजूर पक्षाने आपल्या खासदारांना पक्षादेशाने बांधलं नाही. पंतप्रधान कॅमेरून बाजूने होते, त्यांच्याच पक्षाचे निम्म्याहून जास्त मतदान करणारे खासदार विरोधात गेले, विधेयक तरीही मंजूर झालं आणि पक्ष शाबूत राहिला.

‘हे सगळं परदेशी खूळ’ असं तात्या म्हणतात. तात्या, मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांना वाळीत टाकणारा गाव आपल्याच कोकणातला होता, आणि लग्न करणाराही. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वाळीत टाकणाऱ्यांपैकी कुणाची जयंती आपण करतो ते सांगा. ज्याला त्याला आपलं घर मांडू देणं ही आपलीही परंपरा आहे, फक्त ती आपण फार उशिरा मान्य करतो.

आता जपून राहण्याचं. पक्षाच्या ओळखीवर ठेके घेत असाल तर यात पडू नका, पहिल्याच बिलाला अडकाल. प्रकरण मारहाणीवर जातंय असं दिसलं तर बैठक वगैरे सोडा आणि पोलिसांत जा. आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा नगरपालिकेत पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असाल, तर सभागृहात हात वर करण्याआधी पक्षादेश नीट वाचा. १९८६ च्या राज्याच्या कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं. साध्या कार्यकर्त्याला ती भीती नाही.