प्रश्न तुमचे : कर्जाविना अमेरिकेतलं कॉलेज

प्रश्न : आम्ही दोघं एच-१बी व्हिसावर, मुलगी इथेच जन्मलेली. ज्या खासगी कॉलेजात तिला जायचंय, तिथला वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे दिसतो. कर्जाशिवाय जमेल का?

उत्तर : वेबसाइटवरचा तो आकडा सध्या बाजूला ठेवा. अमेरिकी सरकारची मदत घेणाऱ्या कॉलेजांना वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता प्रत्यक्ष किती भरावं लागेल, याचा अंदाज देणारा) ठेवावा लागतो. टॅक्स रिटर्न आणि बँकेतली शिल्लक समोर घेऊन तो निवडलेल्या प्रत्येक कॉलेजसाठी भरा. तुमचा स्वतःचा धंदा असेल, तर मात्र त्याचा अंदाज बराच चुकू शकतो.

मुलगी अमेरिकी नागरिक आहे, त्यामुळे तुमचा व्हिसा आड येत नाही. ‘फाफसा’ हा सरकारी मदतीचा अर्ज जरूर भरा. तो साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात. बरेच अर्ज अडतात ते पालकांच्या संमतीपाशी. आयआरएस या कर खात्याकडची माहिती घ्यायला पालकाने फाफसासाठीच्या स्वतःच्या खात्यातून परवानगी दिली नाही, तर सरकारी मदतीचा हिशेबच होत नाही. रिटर्न एकत्र भरलं असेल तर एका पालकाची संमती पुरते, वेगवेगळं भरलं असेल तर दोघांची लागते.

बचत कोणाच्या नावावर आहे, यानेही फरक पडतो. फाफसात मुलीच्या नावावरच्या बचतीचा २० टक्के भाग दरवर्षी फीसाठी उपलब्ध धरतात, पालकांच्या बचतीचा फार तर ५.६४ टक्के. पालकांच्या नावावरचं ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) पालकांकडेच मोजतात. ४०१(के) हे निवृत्तीचं खातं आणि राहतं घर मोजतच नाहीत. बरीच खासगी कॉलेजं मात्र ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा अर्जही मागतात, आणि तिथे घराची किंमत विचारली जाते.

मदतीचं पत्र आलं की पेन घेऊन बसा. ग्रँट आणि स्कॉलरशिप ही परत न करायची रक्कम तेवढी ठेवा, लोन आणि ‘पेरेंट प्लस’ या पालकांच्या कर्जावर काट मारा. कर्जालाही ‘मदत’ म्हणायची ही रीत आम्हाला कधीच पटलेली नाही. वर्क-स्टडीचे, म्हणजे शिकता शिकता करायच्या कामाचे, पैसे काम केल्यावर पगार म्हणून मिळतात, तेव्हा तेही फीच्या बिलातून वजा करू नका. मधल्या काळात नोकरी गेली असेल, तर कंपनीचं पत्र जोडून फायनान्शिअल एड ऑफिसकडे फेरविचार मागा. तो अधिकार त्यांना असतो. अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर, अर्ज केला, तर प्रवेश मिळाल्यास तिथेच यायचं असं कॉलेज बांधून घेतं आणि इतर कॉलेजांची पत्रं तुलनेला हाती राहत नाहीत.

प्रश्न : आधी दोन वर्षं स्थानिक कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात गेलं तर?

उत्तर : ट्यूशन फी खूपच कमी पडते. पण क्रेडिट्स, म्हणजे तिथे पूर्ण केलेल्या विषयांचे गुण, नुसती ‘स्वीकारली’ जाणं वेगळं आणि मेजरमध्ये (मुख्य विषयात) धरली जाणं वेगळं. इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून धरली गेली, तर एखादं सेमिस्टर वाढतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. पुढच्या विद्यापीठाशी लेखी ट्रान्सफर करार आहे का, ते पहिला विषय घेण्याआधी विचारा. इंजिनिअरिंगला तर हे टाळूच नका.

प्रश्न : ५२९ मधूनच सगळी फी भरावी का?

उत्तर : नको. ट्यूशनचे ४,००० डॉलर ५२९ च्या बाहेरून भरा, म्हणजे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट या करसवलतीचे २,५०० डॉलर मिळतात. एकाच खर्चावर ५२९ ची करसूट आणि हे क्रेडिट, असे दोन्ही फायदे घेता येत नाहीत. एकत्र रिटर्नमध्ये उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की क्रेडिट घटत जातं, १,८०,००० ला संपतं.