आठवीतल्या पुतणीला भेदभावाविषयी वाचायची ओढ लागली आहे, सुरुवात कुठून करून देऊ?

तुम्ही विचारलंय की पुतणीला भेदभावाविषयी आणि त्याच्याशी खरोखर लढलेल्या माणसांविषयी सारखं वाचावंसं वाटतं, तर तिचं वय लहान नाही ना. अजिबात नाही. ज्याच्या वाट्याला भेदभाव येतो त्याचं वय कुणी विचारत नाही.

मी चाळीसगाव तालुक्यात इतिहास शिकवतो. माझं म्हणणं एवढंच, की नायकाचं नुसतं नाव देऊ नका. ते कुठे घडलं आणि आजूबाजूची माणसं कशी वागली, तेही सांगा.

मी चाळीसगावच्या टांग्यापासून सुरुवात करतो. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांची गाऱ्हाणी ऐकायला खान्देशात फिरत होते. परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला. पण स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र तुमच्या माणसाने, असं ठरलं. हाकणाऱ्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पाहुण्याला पायी नेणं बरं दिसणार नाही, म्हणून त्या लोकांनी ही धडपड केली होती.

वर्गात हे सांगितलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, टांगेवाला पण गरीबच असेल ना?" या प्रश्नावर मी पूर्ण तास देतो. तो पोटासाठी टांगा हाकणारा आणि समोर बॅरिस्टर, तरी तो स्वतःला वरचा समजला. जात म्हणजे काय, हे पोरांना इथे जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कधीच कळत नाही.

पुढे साने गुरुजी घ्या. अंमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, छात्रालयातल्या मुलांचं आईच्या मायेने करायचे. त्याच माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. हळवा माणूस किती हट्टाला पेटू शकतो, हे मुलींना विशेष भावतं. शहाद्याचे अंबरसिंग महाराजही सांगा. स्वतः भिल्ल, भूमिहीन सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांच्या, बाजूने उभे राहिले. सत्तरच्या दशकातल्या त्या चळवळीत आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली होती.

आणि एक तयारी ठेवा. वाचता वाचता पोर घराकडे बघायला लागते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी सालदारासाठी कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. टांग्याची गोष्ट ऐकून ती घरी गेली आणि त्याच कपातून चहा प्यायली. आजी अहिराणीत भडकली, "आते तू माले शिकाडशी का?" म्हणजे आता तू मला शिकवणार का? पोरगी रडली, पण कप धुऊन घरातल्या कपांच्या रांगेत ठेवून आली. दोन दिवसांनी तो कप दिसेनासा झाला आणि सालदाराला कागदी कपात चहा मिळू लागला. ती मला म्हणाली, "सर, हे तर तेच झालं ना?" मी हो म्हणालो. खोटा धीर देणं मला जमलं नाही. तुमची पुतणी असं काही विचारेल तेव्हा तुम्हीही देऊ नका, आणि तिला गप्प तर मुळीच करू नका.

सध्या ती विद्यार्थिनी रात्री आजीला साने गुरुजींविषयी वाचून दाखवते. आजी मन लावून ऐकते. कपाचा विषय अजून दोघींपैकी कुणीच काढलेला नाही.