जिम्नॅस्टिक्सचे फोटो : उजेड कुठून, फोकस कशावर?

प्रश्न : स्पर्धेच्या हॉलमध्ये फ्लॅश वापरू देत नाहीत आणि उजेड तर बेताचाच असतो. हवेतली उडी स्पष्ट यावी म्हणून काय करू?

फ्लॅशवरची बंदी योग्यच आहे. बॅलन्स बीम, म्हणजे मुली ज्यावर तोल सांभाळत कसरती करतात ती आडवी तुळई, जेमतेम १० सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच. त्यावर मागे कोलांटउडी घेणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर ऐन वेळी लखकन प्रकाश आला तर तिचा पाय कुठे पडेल, याचा विचार करा. सरावातही फ्लॅश बंदच ठेवा.

लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) एफ/२.८ किंवा त्याहून मोठं उघडा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० पर्यंत बिनधास्त न्या आणि शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा मात्र नंतर सुधारता येत नाही.

उजेड त्याहूनही कमी असेल तर क्षण निवडा. वर उडालेलं शरीर उडीतला निम्मा वेळ उंचीच्या वरच्या पाव भागातच असतं, कारण तिथे वर जाण्याचा वेग संपत आलेला असतो. फ्लोअरवरच्या साध्या झेपेत नेमका तो माथा पकडलात तर १/५०० सुद्धा पुरतो. कोलांटउडीत मात्र ही सवलत नाही. माथ्यावरही शरीर गरगर फिरतच असतं, आणि गुडघे छातीशी घेतले की आणखी वेगाने. त्यामुळे शरीर ताठ ठेवून घेतलेली कोलांटउडी फोटोसाठी सोपी. रिंग्जवर तर ताकदीची प्रत्येक स्थिती २ सेकंद स्थिर धरावी लागते. तिथे १/२०० वर या, आयएसओ उतरवा आणि दंडाचा एकेक स्नायू टिपा.

प्रश्न : एका दमात काढलेल्या दहा फोटोंपैकी काही पिवळट, काही काळपट येतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही, दिवे लुकलुकतात. ५० हर्ट्‌झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्‌झवर १२० वेळा. वेगवान शटर त्या चढउतारातला एखादाच तुकडा पकडतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती सुरू करा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल आणि फोटोवर आडवे पट्टे येत असतील, तर मेकॅनिकल शटरवर या.

प्रश्न : खेळाडू धूसर आणि मागचे प्रेक्षक स्पष्ट, असं वारंवार होतं. फोकस कसा पकडायचा?

फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्स, एफ/२.८ आणि १० मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे ४० सेंटीमीटरचा असतो. पसरलेल्या हातांचं शरीर त्यात मावत नाही. म्हणून उभं कुठे राहायचं हे आधी ठरवा. बीमच्या कडेला, मधोमध राहिलात तर खेळाडूचं तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही आणि फोकस टिकतो. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीला, टेबलावर जिथे हात टेकतात तिथे आधीच फोकस लावून ठेवा आणि धावणाऱ्याच्या मागे लागू नका.

पण हा अरुंद पट्टा मला अडचण वाटत नाही, ती या खेळातली सगळ्यात मोठी संधी आहे. फोकस नेहमी चेहऱ्यावरच हवा, असं कोण म्हणतं? बीमच्या टोकाकडून बघा : जवळ येणारा, ताणलेला पायाचा चवडा स्पष्ट आणि चेहरा मागे विरघळलेला. जोर जिथे एकवटलाय तिथे फोकस ठेवा. कधी ती जागा म्हणजे बारवर आवळलेली बोटं असतात, तर कधी लँडिंगला दबलेले घोटे. फक्त टोकाला उभं राहताना खेळाडूच्या नजरेच्या रेषेत येऊ नका.

प्रश्न : तांत्रिकदृष्ट्या माझे फोटो बरे येतात, पण सगळे एकाच छापाचे. उजेड वेगळा कसा वापरू?

छतावरचा सपाट उजेड सगळ्यांना सारखाच मिळतो. तुमच्या हातात असते ती दिशा. हॉलभर एक चक्कर मारा आणि मागे अंधार कुठे आहे ते शोधा. उजळलेल्या खेळाडूमागे काळोखी भिंत आली की एक्स्पोजर एक-दीड स्टॉपने कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). जाहिरातींचे फलक, खुर्च्या, गर्दी सगळं बुडून जातं आणि खांद्याची, कमरेची रेषा तेवढी उरते.

सरावाच्या हॉलला मोठी खिडकी असेल तर तिच्यासमोर उभे राहा, खेळाडू तुमच्या आणि खिडकीच्या मध्ये. खिडकीवर एक्स्पोजर लावलंत की शरीराची काळी आकृती मिळते. इथे आकार निवडून घ्यावा लागतो : हात धडाला चिकटलेले असतील तर नुसता काळा ठोकळा दिसेल, हातपाय मोकळे पसरलेले असतील तर आकृती बोलते.

आणि पकड सुटू नये म्हणून हातांना चोळतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर! समोरून उजेड असेल तर ती जवळजवळ दिसतच नाही. उजेड मागून किंवा तिरका आला की प्रत्येक कण पेटतो. हात चोळून खेळाडू टाळी वाजवतो तेव्हा मागे गडद भिंत आणि तळव्यांवर फोकस ठेवा. लेन्सच्या काचेवर बसलेली ही पावडर मात्र कापडाने घासू नका, आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) उडवा.

प्रश्न : मुद्दाम हललेला फोटो काढायचा असेल तर?

व्हॉल्टची धाव घ्या. १/३० ते १/६० वर, धावणाऱ्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहा आणि बटण दाबल्यावरही हात थांबवू नका. बरेच फोटो फुकट जातील, ते जाऊ द्या.

हाय बारवरचे मोठे झोके याहून सुंदर येतात. कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) घट्ट धरा, फोकस बारवरच्या मुठींवर लॉक करा आणि शटर १/१५ ला आणा. मुठी बारभोवती फिरतात पण जागा सोडत नाहीत, म्हणून त्या बऱ्यापैकी टिकतात. पावलं मात्र सगळ्यात लांबचा पल्ला कापतात आणि हवेत कमान ओढतात. फिकट पोशाख आणि गडद पार्श्वभूमी असेल तर ती कमान ठसठशीत येते. उलट असेल तर उजळ पार्श्वभूमी तिला खाऊन टाकते, मग जागा बदला.