वाचकांचे प्रश्न : बुरशीची पेंड आणि तळ्यातले मासे

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात मोहोळजवळ आमच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. पावसात शेंगदाणा पेंडीची पोती भिजून बुरशी आली. ती उन्हात वाळवून घालतोय. आता माशांवर लाल चट्टे दिसतात, रोज एक-दोन मरतात. औषधाने तात्पुरताच फरक पडतो. काय करावे?

उत्तर : ती पेंड आजच बंद करा. उन्हाने ओल जाते, पण अस्परजिलस बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन पेंडीतच राहते. उकळूनही ते जात नाही. हे विष आधी यकृत बिघडवते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळण्यात कमी पडतात, लायसोझाइम (जंतूंचे कवच फोडणारे प्रथिन) आणि प्रतिपिंडे घटतात. मग पाण्यात एरवीही असणारा एरोमोनास जंतू डोके वर काढतो आणि चट्टे उठतात. जंतू मारले तरी प्रतिकारशक्ती खचलेलीच, म्हणून आजार उलटतो.

नुकताच मेलेला मासा चिरून पाहा. यकृत तांबूस-तपकिरी हवे. फिकट, पिवळट दिसले तर संशय बळावतो. तळ्याच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि अमोनियाही तपासा, कारण चट्टे त्यांच्यामुळेही वाढतात.

पेंडीचा नमुना प्रयोगशाळेत द्या, तोही पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घेऊन. विष सगळीकडे सारखे नसते. जनावरांच्या मिश्र खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 ची (या विषाच्या सर्वांत घातक प्रकाराची) मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे. आणि कृपा करून ही पेंड म्हशीला घालू नका, विष दुधात उतरते.

नवी पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचा.